वरच्या मजल्याबद्दल चौसष्ट अर्ज

…आणि माझ्या दारावरून गेली हो! माझ्या! दारावरून! म्हणजे बघा, दोन जिने चढली, माझा मजला आला, माझ्या दारावर ही एवढी पितळी पाटी, तिच्यावर 'प्राध्यापिका, इतिहास विभाग' असं कोरलेलं, आणि ही माझी विद्यार्थिनी, माझी, जिच्या प्रकरणांवर चार वर्षं मी लाल शाईचे पाट वाहवले ती, धापा टाकत, हातात वही, डोळ्यांत पाणी, पाटीकडे न बघता सरळ तिसऱ्या मजल्यावर! वरून आवाज आला, "मिळालं? खरंच मिळालं?" आणि मग दोघींचं हसणं… आता हे सगळं मला कसं दिसलं म्हणाल, तर दाराला ते भिंग असतं ना, त्याला मी सहज डोळा लावून उभी होते. सहज हो! माणसाने आपल्याच दाराशी उभं राहू नये का?

मी जळत नाही हं. आधीच सांगून ठेवते. मी फक्त सांगतेय.

तर तिसऱ्या मजल्यावर कोण, तर आमची धाकटी. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. आता जाऊ म्हटली की ती एकाच घरात असते नाहीतर दुसऱ्या गावात असते, बरोबर? आमची कुठे? आमची बरोबर माझ्या डोक्यावर! चौदा वर्षं झाली, मी दुसऱ्या मजल्यावर, ती तिसऱ्या. बरं, एवढ्यावर भागलं का? नाही! अकरा वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली ती कुठे? माझ्याच विभागात! जगात विषय काय कमी आहेत? भूगोल आहे, वनस्पतिशास्त्र आहे, छान झाडापानांत राहायचं… नाही, हिला इतिहासच! म्हणजे घरी डोक्यावर आणि कामावर शेजारच्या टेबलावर. मी सव्वीस वर्षांची जुनी, ती अकरा वर्षांची, आणि मुलं कुणाकडे? तिच्याकडे. मला मुलं दारात नमस्कार करतात आणि तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसतात. नमस्कार म्हणजे काय हो? लांबूनच बरं, असं सांगण्याची सभ्य पद्धत!

तर विद्यार्थिनीचं सांगत होते. तिला आम्ही वहीवाली म्हणतो, कारण ती सगळं वहीत लिहून घेते. तुम्ही शिंकलात तरी तारीख टाकून लिहून ठेवेल. चाळिशीची बाई, दोन मुलांची आई, बँकेतली बसल्या जागेची नोकरी सोडून संशोधनाला आली. घरचे सगळे म्हणाले, वेड लागलंय. विषय, शहरातले सार्वजनिक नळ आणि तिथलं बायकांचं जग. सहा वर्षांची मुदत, चार संपलेली, आणि हातात जुना कागद शून्य. सासू रोज विचारायची, "झालं का गं तुझं ते नळाचं?"

आता संशोधकाला जुन्या दफ्तरखान्यात पाठवायचं तर तयारी करून घ्यावी लागते, आणि ती मी करून घेतली नाही असं कुणी म्हणू दे! माझं टिपण आहे. 'अभिलेखागार : संकल्पना, स्वरूप आणि व्याप्ती.' चाळीस पानं! पहिली अकरा पानं नुसत्या व्याख्या. सव्वीस वर्षं मी ते टिपण मुलांना उतरवून देतेय, एक काना इकडचा तिकडे झाला नाही. वहीवालीने तर ते पाठ केलं. पाठ! आणि गेली दफ्तरखान्यात.

पहिल्या दिवशी दारावरच अडवली, विभागाचं पत्र कुठाय? दुसऱ्या दिवशी पत्र नेलं, तर पिशवी आत नेता येत नाही आणि शाईचं पेन चालत नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी. चौथ्या दिवशी पोचली एकदाची आतल्या खिडकीशी, तिथे चष्मा कपाळावर ठेवलेला एक कारकून. तो म्हणाला, "काय पाहिजे?" ही म्हणाली, "सामाजिक जीवनाविषयीची सर्व साधने." माझंच वाक्य, पान सतरा! तर तो कारकून चष्मा खाली घेऊन काय म्हणतो, "बाई, सामाजिक जीवन नावाची फाईल नसते. पाणी आहे, दिवाबत्ती आहे, गटार आहे, किरकोळ दुरुस्ती आहे. तुमचं सामाजिक जीवन त्यातच कुठंतरी असेल. नंबर सांगा." आता नंबर कुठून सांगणार? माझ्या टिपणात नंबर नाहीत! आठ दिवस बिचारी हात हलवत परत. मी म्हटलं, "तुझं वाचन कमी पडलं. पान एक ते अकरा पुन्हा कर."

हसू नका. मला तेव्हा तसंच वाटलं. तुम्हाला म्हणून सांगते, मी स्वतः त्या दफ्तरखान्यात गेल्याला सोळा वर्षं झाली होती. धूळ सोसत नाही हो मला.

मग ती गुपचूप वर जायला लागली. धाकटीने काय केलं? व्याख्या एकही नाही. म्हणाली, "आधी चार दिवस नुसती सूची वाच. काहीही मागवू नको. नळ हा शब्द सोड, त्या काळी साहेब नळाला काय म्हणत होते ते शोध. रोज तीनच फायली मागव. आणि त्या कारकूनकाकांना विचार, तुमच्या आठवणीत लोक कुठली फाईल कधीच मागत नाहीत?" बस्स! आणि त्या कपाळावर चष्म्याच्या माणसाने तिला काढून दिली 'किरकोळ दुरुस्ती'. आणि त्या 'किरकोळ दुरुस्ती'त काय निघालं? एक्केचाळीस बायकांचा अर्ज! शंभर वर्षांपूर्वीचा! की आम्हाला कामावर जायचं असतं, नळ अर्धा तास लवकर सोडावा. एक्केचाळीस अंगठे, एकीखाली एक. आणि एकीने म्हणे अंगठ्याशेजारी वेडंवाकडं स्वतःचं नाव लिहायचा प्रयत्न केलेला, अर्ध्यावर सोडलेला… चार वर्षं जे शोधत होती ते! त्या दिवशी धावत आली ती हीच बातमी घेऊन. आणि माझ्या दारावरून गेली.

मी जळत नाही हं. पण एक्केचाळीस बायकांपैकी एकीने तरी माझ्या दाराशी थांबायला सांगायचं तिला!

पुढचं ऐका. ही बातमी विभागात पसरली आणि विभागप्रमुखांना साक्षात्कार झाला. विभागप्रमुख म्हणजे सतत घाईत असलेला माणूस, बसतोसुद्धा उठल्यासारखा. मला बोलावून म्हणतात, "मॅडम, संशोधक मुलांसाठी नवा अभ्यासक्रम काढतोय, दफ्तरखान्यात काम कसं करावं यावर." मला वाटलं, आलं! सव्वीस वर्षांनी का होईना, आलं! मी म्हटलं, "टिपण तयारच आहे सर." तर म्हणतात, "हो हो, तुमचं टिपण… संदर्भासाठी ठेवू ना कपाटात. शिकवायला मात्र तुमच्या जाऊबाईंना सांगितलंय." जाऊबाईंना! म्हणजे विभागात मी काय लग्नातल्या मानापानाला गेले होते?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. आमचे हे म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. शांत माणूस. इतका शांत की कधी कधी चालू आहे की बंद ते कळत नाही. म्हणाले, "बरं झालं की, घरातच राहिला अभ्यासक्रम." घरातच! एक मजला वर म्हणजे घरात होतं का हो?

महिनाभर मी कळ काढली. येताजाता ऐकू यायचं, आज मुलांनी अमुक केलं, आज मुलांनी तमुक शोधलं. म्हटलं, बघू तरी काय दिवे लावतेय ही. एका दुपारी, न सांगता, मागच्या दाराने जाऊन उभी राहिले वर्गात. आणि धाकटीने मला पाहिलं मात्र… तुम्हाला सांगते, रंगच उडाला तिचा! हातातली दोरी टेबलावर पडली. लगबगीने माझ्याकडे आली, हळूच म्हणते, "ताई… आज नको. तुम्ही उद्या या ना. उद्या मीच तुम्हाला घेऊन येते." मी मनात म्हटलं, हां! चोराच्या मनात चांदणं! काहीतरी भोंगळ कारभार चालू आहे आणि तो माझ्यापासून लपवायचाय. मी म्हटलं, "का गं? आज काय झालंय?" आणि शेवटच्या बाकावर अशी ऐसपैस बसले की क्रेन आणली असती तरी उठले नसते.

उठायला हवं होतं हो. तेव्हाच उठायला हवं होतं.

टेबलावर एक खोकं, त्यात दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा. बारा मुलं भोवती. वहीवालीही होती, ती आता धाकटीला मदत करायची. धाकटीने सांगितलं, "हे एका इमारतीचं तक्रारीचं दफ्तर आहे. नावं झाकली आहेत. खऱ्या दफ्तरखान्यात जायच्या आधी याच्यावर हात बसवायचा. क्रम बदलायचा नाही. एका वेळी एकच कागद. आधी नंबर आणि तारीख लिहा, मग मजकूर. कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, याच दिवशी का लिहिलं, आणि कुणी जपून ठेवलं, हे प्रत्येक कागदाला विचारा." मी मनात म्हटलं, इमारतीच्या तक्रारी! हा काय इतिहास आहे? आणि तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका दाढीवाल्याने पहिला कागद उचलून उजेडात धरला.

अक्षर माझं.

"मा. सेक्रेटरी यांस. विषय : वरच्या मजल्यावरील खुर्च्या ओढण्याच्या आवाजाबाबत."

आता मला सांगा, जमीन दुभंगायची असते ती नेमकी कधी दुभंगते? मी दोन्ही पाय आपटून पाहिले!

हो, लिहीत होते मी अर्ज. नवरा सेक्रेटरी असला म्हणून काय झालं? तक्रार रीतसर नको? संध्याकाळी चहाचा कप ह्यांच्या एका हातात द्यायचा आणि अर्ज दुसऱ्या. हेही रीतसर उत्तर द्यायचे, लेखी, "आपला अर्ज मिळाला. विचार चालू आहे." चौदा वर्षं विचार चालू आहे! आणि ते सगळे अर्ज ह्या माणसाने जपून ठेवले आणि खोक्यासकट उचलून धाकटीला दिले? नंतर मी विचारलं, मला न विचारता कसे दिलेत? तर म्हणाले, "दफ्तर सोसायटीचं आहे. रीतसर अर्ज आला होता तिचा."

वर्गात मला तोंड उघडायची सोय नव्हती. मुलं कामाला लागली होती. आणि काय लागली होती! एक मोजत होती, एक तारखा मांडत होता. "एकूण चौसष्ट अर्ज. सगळे एकाच हातचे." "सगळे तिसऱ्या मजल्याबद्दल! चौथ्याबद्दल एकही नाही, शेजारच्याबद्दल नाही." "बाई तापट दिसतात." "एकट्या असाव्यात." "नवरा असेल, पण बोलत नसेल." आता काय सांगू त्यांना, बोलतो, पण लेखी! वहीवालीने एव्हाना अक्षर ओळखलं होतं, चार वर्षं लाल शाईत तेच वाचलेलं. तिने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बिचारी एकदम म्हणाली, "मला वाटतं आपण दुसरा गठ्ठा घेऊ." कोण ऐकतंय! मुलांना वास लागला होता.

एक मुलगी, कापडी पिशवी गळ्यात, आवाज अगदी बारीक, ती म्हणाली, "मॅडम, मी तारखा लावून पाहिल्या. खुर्च्यांचा आवाज ज्या दिवशी येतो त्या दिवशी वर पाहुणे असतात. पंधरा खुर्च्या, हसण्याचे आवाज, गाणी म्हटल्याचे आवाज. लेखिका सगळं लिहिते, कोण किती वाजता आलं तेसुद्धा. मला नाही वाटत तिला आवाजाचा त्रास होता." "मग?" "तिला बोलावलेलं नव्हतं, त्याचा होता."

वर्गात सगळे "हंऽऽ" म्हणाले. मी पण म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

मी जळत नाही असं म्हणत होते ना? चौसष्ट कागद टेबलावर पसरले होते, एक ते चौसष्ट नंबर घातलेले. आता तुम्हाला तरी काय सांगू!

आणि मग दाढीवाल्याने मधलाच एक कागद उचलला. पाच वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी धाकटी सात महिने परगावी होती, तिथल्या दफ्तरखान्यात काम करायला. भावजीसुद्धा बरोबर गेले, बिनपगारी रजा काढून! आमचे हे मला बसस्टॉपपर्यंत सोडत नाहीत. ते असो. त्या सात महिन्यांत माझा एकच अर्ज. मी साफ विसरले होते तो. दाढीवाला वाचायला लागला, "तिसरा मजला बरेच महिने बंद आहे. गॅलरीतल्या झाडांना पाणी कोण घालते याची चौकशी व्हावी. किल्ली आमच्याकडे दिल्यास आम्ही घालू. ते परत कधी येणार हेही कळवावे." खाली एक ओळ लिहून खोडलेली. आणि दाढीवाला म्हणाला, "तारीख नऊ आहे. सेक्रेटरींच्या नोंदीप्रमाणे वरचे लोक चार तारखेलाच परत आले. म्हणजे हा अर्ज ते आल्यावर लिहिलाय. हा टोमणा आहे! पक्की कुजकट बाई!" सगळी मुलं हसली. "बरोबर, टोमणाच!"

आता तारीख नऊ नव्हती. एक होती. माझा एक तसाच दिसतो, डोकं मोठं येतं त्याचं. मी धाकटीकडे पाहिलं. एका अनुस्वारासाठी मुलांना थांबवणारी बाई, तिला माझा एक ओळखू येत नाही? चौदा वर्षं भेटवस्तूंवरची माझी चिठ्ठी वाचलीय तिने! तिने बघितला कागद. तिला कळलं. आणि ती काही बोलली नाही. मान खाली घातली. मला वाचवत होती हो ती! माझ्या इभ्रतीसाठी मुलांची चूक तशीच जाऊ देत होती. म्हणजे मी कुजकट ठरले तरी चालेल, पण मी… ते दुसरं काहीतरी… ते मुलांपुढे उघडं पडायला नको.

दया! आणि तीही हिची! आणि वर चुकीच्या तारखेवर उभी असलेली!

मी उठले. म्हटलं, "नऊ नाही तो. एक आहे." सगळ्यांच्या माना मागे. दाढीवाला म्हणाला, "मॅडम, पण शेपूट बघा ना…" मी म्हटलं, "शेपूट मला नका सांगू. माझा एक असाच येतो."

तुम्हाला सांगते, एवढी शांतता सव्वीस वर्षांत माझ्या तासाला कधी झाली नव्हती. दाढीवाला दाढीसकट लाल. मला वाटलं आता संपलं, राजीनामा लिहायला कागद तरी घरचाच आहे. आणि तेवढ्यात त्या बारीक आवाजाच्या मुलीने पेन्सिल उचलली. घाबरत घाबरत म्हणते, "मॅडम… मग हा चार तारखेच्या आधीचा. मग टोमणा नाही." मी म्हटलं, "नाही." "मग… खोडलेल्या ओळीत काय होतं?"

मी म्हटलं, "शाई सांडली होती." पोरीने लिहून घेतलं. पुढे प्रश्नचिन्ह घातलं. हुशार आहे.

तुम्हाला म्हणून सांगते, तिथे लिहिलं होतं, 'जिना सुना वाटतो.' मग म्हटलं, सेक्रेटरीला काय करायचंय जिना सुना वाटतो ते? खोडलं.

पण त्यानंतर काय झालं माहितीये? मुलं उठून माझ्या बाकाभोवती आली. खुर्च्या ओढून! "मॅडम, अर्ज क्रमांक बावीस पेन्सिलने का?" "मॅडम, दोन वर्षं मध्येच अर्ज नाहीत, तेव्हा काय झालं?" तेव्हा मी आजारी होते, धाकटी रोज डबा आणायची, तक्रार कशाची करणार? दीड तास! मी बोलत होते आणि बारा जण लिहून घेत होते, आणि व्याख्या एकही नाही! सुटल्यावर धाकटी आणि मी एकाच बसने घरी आलो. वाटेत ती म्हणाली, "ताई, मी प्रत्येक वेळी बोलवायला खाली यायचे. दारापर्यंत. मग वाटायचं, तुमचं वाचन चाललं असेल, रागवाल. तशीच परत जायचे." मी म्हटलं, "बेल वाजवायची असते गं दाराला." ती म्हणाली, "तुम्हालाही जिना होताच की." मी तिकीट काढलं दोघींचं.

परवा अभ्यासक्रमाची छापील पुस्तिका आली. विभागप्रमुखांनी उभ्याउभ्याच हातात दिली, "मॅडम, अभिनंदन, तुमचं नाव आहे यात." सव्वीस वर्षांनी! मी चष्मा पुसून पाहिलं. 'शिक्षक' या रकान्यात, धाकटी. 'साहाय्यक', वहीवाली. मी कुठे? पान उलटलं. 'अभ्यासासाठी मूळ साधने' : क्रमांक एक, मी! आणि खाली टीप, 'लेखिका हयात आहेत. भेटीसाठी आधी वेळ घ्यावी.'

तरातरा घरी आले, कागद ओढला, लिहिलं, 'मा. विभागप्रमुख यांस, विषय…' आणि थांबले. कारण मला माहितीये ना आता काय होणार ते. दिला असता तर त्या बारीक आवाजाच्या मुलीने आधी तारीख तपासली असती, मग वर पेन्सिलने लिहिलं असतं, 'पासष्ट'.